लेकीच्या सासूचा हेवा

माझी लेक सासरी सुखात आहे. हे वाक्य बोलताना बाकीच्या आया कशा फुलून येतात, ते मी लग्नकार्यांत पुष्कळदा पाहिलं आहे. मी मात्र ते घाईघाईने बोलून विषय बदलत असे. खोटं नव्हतं ते. पोरगी खरोखरच सुखात होती. मला तेच सोसत नव्हतं.

आमचा मळा वाशीमच्या अगदी काठाला आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, उन्हाळ्यात गवार. मी बारावी करून या घरात आले आणि आल्यापासून जणू बसलेच नाही. भाजीच्या कामाला अंत नसतो. उजाडायच्या आत तोडणी, मग घरातलं, मग निंदण, मग परत तोडणी. ‘काय कामाची बाई आहे’ असं सगळं गाव म्हणायचं आणि मला ते आवडायचं. बसणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटे. जेवायचं तेही सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभ्याने. दूध उतू गेलं तर मी कोणावर तरी ओरडे. समोर कोणी नसलं तर दुधावर ओरडे. कोणी काही लागट बोललं तर तोंडावर उत्तर देत नसे, पण विसरतही नसे. माझ्या चुलत जावेने माझ्या लग्नातल्या जेवणाला नावं ठेवली होती, ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं.

मला दोन लेकरं. मुलगा मोठा, त्याचं लग्न आधी झालं, सून घरात आहे. मुलगी धाकटी. तिला रिठदकडच्या एका गावात दिली. साधं शेतकऱ्याचं घर आहे. सोयाबीन, तूर, हिवाळ्यात गहू-हरभरा, गोठ्यात दोन म्हशी. जावई शेती सांभाळून रिसोडला मोटारी दुरुस्त करायचं लहानसं दुकान चालवतात. ते एकुलते एक. सासरे कमी बोलणारे. आणि सासू, म्हणजे माझ्या विहीणबाई. चांगल्या उंचपुऱ्या, अंगाने भरलेल्या, समोरचा एक दात अर्धा तुटलेला. लग्नाच्या बोलणीत त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मी मनात म्हटलं, ही बाई थोडी भोळसट दिसते. पोरीला त्रास होणार नाही.

पहिल्या दिवाळीला लेक माहेरी आली. मी तिच्या आवडीचं सगळं केलं होतं, अनारसेसुद्धा. भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच सकाळी ती पिशवी भरायला लागली.

“काहून? आत्ताच तं आली,” मी म्हटलं.

“आई वाट पाहून राह्यल्या असतील ना व. हरभऱ्याचं काम हाय. अन त्याइले माह्याशिवाय करमत नाई.”

आई. मी तिच्यासमोर उभी होते आणि ती ‘आई’ असं म्हणत होती, दुसऱ्याच बाईला. सासूला आई म्हणायची रीतच आहे, मीही माझ्या सासूला म्हणत होते. पण मी म्हणायचे ते तोंडाने. हिचं तसं नव्हतं. ते ऐकताच कळलं. मी अनारशांचा डबा भरून दिला आणि ती गेल्यावर सुनेला उगाच बोलले की चुलीमागची राख काढलेली नाही.

मग फोन सुरू झाले. लेक दुपारी फोन करायची. मी त्या वेळी निंदणात असे, फोन कानाला खांद्याने दाबून ऐके. मागे नेहमी कोणीतरी हसत असे.

“कोन हसून राह्यलं?”

“आई. कढी उतू गेली.”

“कढी उतू गेल्यावर हसते?”

“हो ना. म्हन्ते, चुलीलेही भूक लागली.”

त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला कळत नव्हतं. पण लेकही हसत होती आणि तिचं तसं हसणं मी माझ्या घरात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे ती शांत पोर होती. सगळे म्हणायचे, किती शहाणी, किती समजूतदार. फोनवर ऐकू येणारी पोरगी बडबडी होती, मध्येच कोणाला तरी चिडवत होती. मी फोन ठेवला की पुढचा सगळा वाफा मनातल्या मनात विहीणबाईंशी भांडत निंदून काढी. काय जादू केली हिने? आयतं घर, आयती सून, एकच लेक, हसायला काय जातं! माझ्यासारखा मळा असता तर समजलं असतं.

लेकीला दिवस गेले तेव्हा मला वाटलं, आता ती माझ्याकडे येईल. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगरहाटी आहे. मी मागची खोली रंगवून घेतली. नवा पलंग घेतला. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, सगळं निवडून डब्यांत भरलं. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. डोहाळजेवण त्यांच्याकडे झालं. ते आटोपल्यावर लेकीने मला बाजूला घेतलं.

“आई, मी इकडेच राहू का बाळंतपनाले? रिसोडचा दवाखाना जवळ पडते. डॉक्टरीनबाई पहिल्यापासून त्याच हायेत.”

“वाशीमले दवाखाने नाईत का?”

“हायेत ना. पन…”

हातातल्या हिरव्या बांगड्या मागेपुढे करत राहिली. मी म्हटलं, “राह्य. तुले जिकडे बरं वाटते तिकडे राह्य.” परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले. आमचे मालक म्हणाले, “अवं, लेकरू सुखरूप झालं म्हंजे झालं. इकडे काय अन तिकडे काय.” मी पुढचे काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पुरुषांना या गोष्टी कळत नाहीत. मागच्या खोलीला ओल्या रंगाचा वास येत होता आणि मी तिचं दार लावून घेतलं.

नववा लागला तेव्हा विहीणबाईंचा फोन आला. माझी खुशाली विचारायच्याही आधी त्या म्हणाल्या, “ईहीनबाई, तुमी इकडे या बरं. महिनाभर राहा. मले लेकी नाईत, माह्या पोराचं बाळंतपन माह्या आईनं केलं होतं, मले त्यातलं काई समजत नाई. अन तुमची लेक हाय, तुमाले नाई वाटत का यावं?”

मी गेले. सुनेवर मळ्यातलं घर सोपवलं, चार वेळा सगळं समजावून सांगितलं आणि गेले. खरं सांगायचं तर मी लेकीसाठी जेवढी गेले, तेवढीच त्या घरातली खोट शोधायला गेले. डिंकाचे लाडू माझे, मालिशचं तेल माझं, धुरीचा ओवाही माझ्याच घरचा घेऊन गेले.

खोट शोधायला लागलीच नाही. दुपारी पोचले तर मोरीत सकाळची भांडी तशीच पडलेली. डब्यांवर धूळ. दोरीवर कपडे वाळून कडक झालेले, कोणी काढलेले नाहीत. आणि विहीणबाई पंख्याखाली चटईवर झोपलेल्या, चक्क घोरत. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पिशवी ठेवली, पदर खोचला आणि भांडी घासायला बसले. मुद्दाम आवाज करत घासली. विहीणबाई उठून आल्या. मला वाटलं, आता ओशाळतील, ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणतील. त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या.

“अव माय! गंज कसा चमकून राह्यला! माह्या हातानं असा कधी निघाला नाई. उद्या भी घासान काय?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच पातेलं आवडलं होतं आणि उद्याही घासायला माणूस मिळालं तर हवं होतं. मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? महिनाभर त्या घरची भांडी मी घासली आणि महिनाभर त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवली.

मी पाहत राहिले. जळणारा माणूस फार बारकाईने पाहतो. सकाळी धारा काढून झाल्या की त्या घरात सगळे ओसरीवर बसून चहा घेत. सासरे, जावई, लेक, विहीणबाई. कप रिकामा होईपर्यंत कोणी उठत नसे. त्या वेळात म्हशी ओरडो की कोणी हाक मारो, विहीणबाई बसल्या जागेवरून म्हणायच्या, “आलो बापा, चहा हाय हातात.” मला बसवत नसे. मी उभी राहून दोन घोटांत कप संपवी. मग माझ्यामुळे लेकही उठायची, पोट सावरत. एकदा विहीणबाई तिला म्हणाल्या, “बस तू. आई उठल्या तं उठू दे. त्याइले उठाची हौस हाय.” लेक बसली. मी उभी राहिले. त्या उभ्या राहण्यात माझा मान होता असं मी आजवर समजत होते. त्या सकाळी मला फक्त एवढंच दिसलं की तिघंचौघं बसलेली आहेत आणि मी भिंतीजवळ पाहुण्यासारखी ताटकळले आहे.

त्यांना राग येत नसे असंही नाही. शेजारणीच्या शेळीने त्यांची वेलावरची दोडकी खाल्ली तेव्हा त्या कुंपणाशी जाऊन अशा भांडल्या की मला वाटलं आता वर्षभर दोन्ही घरांचं बोलणं बंद. संध्याकाळी त्यांनी डाळभाजी केली आणि वाटीभर त्याच शेजारणीकडे पाठवली.

“तुमी आत्ता तं भांडल्या तिच्यासंगं,” मी म्हटलं.

“भांडलो ना. झालं ना मंग भांडन.” त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

आणि जेवण. भाकरी लेक आणि त्या पाळीपाळीने थापत. थापणारीने पहिली गरम भाकरी स्वतः खायची, असा त्यांचा नियम. ‘चुलीजवळ भाजते ती, तिच्या तोंडात थंडी भाकर काहून?’ पुरुष नंतर. सासरे बिनतक्रार बसून राहायचे. एक दिवस मी थापायला बसले. पहिली भाकरी फुगली, मी सवयीने टोपलीत टाकली. विहीणबाईंनी ती उचलून ताटलीत घातली, वर तेल-चटणी आणि कांदा ठेवला आणि माझ्यासमोर सरकवली. “खा अगुदर.” सगळी माझ्याकडे पाहत होती म्हणून मी खाल्ली. ज्वारीच्या ताज्या भाकरीचा पापुद्रा जिभेला चटका देतो, हे लग्नाआधी आईच्या घरी कधीतरी कळलं असेल. मधल्या सगळ्या वर्षांत मी कधी गरम भाकरी खाल्ली नव्हती आणि कोणी ‘नको खाऊ’ असंही म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मला विहीणबाईंचा इतका राग आला की दुसरी भाकरी तव्यावर करपली. या बाईला हे सुचतं कसं? आणि मला कसं सुचलं नाही?

मी दुपारी, सगळी झोपली की, लेकीच्या पायाला तेल लावत बसे. तिचे पाय सुजले होते. तेव्हा मी हळूच काहीतरी पेरून पाही. “डबे लय घान झाले इथले.” “मानसानं दुपारी इतकं झोपावं का?” लेक डोळे मिटून पडलेली असायची. “झोपू दे ना व,” एवढंच म्हणायची. एकदा म्हणाली, “तू भी झोप की थोडी.” मी झोपले नाही.

कळा ठरलेल्या तारखेच्या आधीच, एका दुपारी सुरू झाल्या. जावयांनी गाडी बोलावली. मी पिशवी भरत होते. दुपटी घेतली का, तेल घेतलं का, कार्ड कुठे आहे, मी एकसारखी बोलत होते. विहीणबाई लेकीला धरून गाडीत बसल्या. रिसोड येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होते आणि दर खड्ड्याला ड्रायव्हरवर ओरडत होते.

दवाखान्यात तपासून झालं. नर्स बाहेर आली. “बाईमानूस एकच आत येऊ शकते. कोन येता?”

मी पदर सावरून पुढे झाले. त्यात विचारायचं काय होतं? तेवढ्यात आतून लेकीची हाक आली. “आई!”

आम्ही दोघी एकदमच दारात गेलो. लेक खाटेवर होती, केस कपाळाला चिकटलेले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग नजर बाजूला नेली. “आई, तुमी या,” ती म्हणाली. ‘तुमी.’ मला ती ‘तू’ म्हणते.

विहीणबाईंनी ‘नाही नाही, तुम्ही जा’ असं काही केलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चप्पल काढली आणि आत गेल्या. दार लागलं.

मी बाहेरच्या बाकड्यावर व्याही आणि जावई यांच्यामध्ये बसले. व्याह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, मी घेतली नाही. आतून लेकीचं ओरडणं येत होतं आणि त्याच्यामागे विहीणबाईंचा तो जाडाभरडा, संथ आवाज. “हां, हां माय. असंच. लय छान करून राह्यली.” एकदा तर आत दोघी हसल्या. बाळंतपणाच्या खोलीत हसल्या! मला जे वाटत होतं ती काळजी नव्हती. मी सगळ्यांपासून लपवलं तरी स्वतःपासून कसं लपवणार? माझी पोर आत कळांशी झुंजत होती आणि मी बाहेर बसून दुसऱ्या बाईचा मत्सर करत होते.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. विहीणबाई बाहेर आल्या त्या घामाने निथळत, पदराने तोंड पुसत. “पोरगी झाली! नाक माह्यावर गेलं व तिचं, आता काय कराचं!” आणि हसल्या. सासरे हसले, जावई रडायला लागले. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणलं. विहीणबाई म्हणाल्या, “आजीकडे द्या, थे बसेल हाये.”

मी नातीला मांडीवर घेतलं. आणि एवढ्या चांगल्या घडीला, ते लालचुटूक तोंड समोर असताना, माझ्या तोंडून निघालं, “लेक माही, अन हौस तुमची झाली.”

जावई चपापले. व्याही उठून पाणी आणायला गेले. विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, बाकडं करकरलं.

“तुमाले राग आला.”

“नाई.”

“आला. महिना झाला, दिसून राह्यला मले. भांडी अशी आपटता. बोला ना मंग मोकळं. मी काई मरत नाई बोलल्यानं.”

कोणी असं विचारेल याची माझी तयारीच नव्हती. मी बोलले. बाळ मांडीवर, आवाज खाली, पण सगळं बोलले. माझी पोरगी तुम्ही घेतली. ती माझ्या घरी दोन दिवस राहत नाही. तिने मला बाहेर ठेवलं. मी तिच्यासाठी राबराब राबले, हाडाची काडं केली आणि तुम्ही नुसत्या हसता, नुसत्या झोपता, तरी ती तुमची.

त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. झाल्यावर म्हणाल्या, “हो. मले भी तसं कोनं केलं असतं तं मी भी जळलो असतो.” मग, “पन मी घेतली नाई तिले. थे आली. आली तं मी काय ढकलून देऊ?”

त्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. जावयांना हाक मारून चहा आणायला सांगितला. चहा आला. मी तो बसून प्यायले, कारण मांडीवर बाळ होतं.

घरी आल्यावर मी माझं काम सुरू केलं. बाळाचं न्हाणं, लेकीची मालिश, धुरी. ते मात्र सगळं माझ्या हातात होतं, आणि विहीणबाई शेजारी मांडी घालून, शिकायला बसल्यासारख्या पाहत. मला थोडं बरं वाटे. एक दिवस त्या शेतात गेलेल्या असताना मी लेकीची पाठ चोळत होते. ती पालथी पडून, तोंड उशीत.

“आई, तुले वाईट वाटलं ना दवाखान्यात.”

“नाई वाटलं.”

“वाटलं. मले मालूम हाय.” मग उशीतूनच म्हणाली, “तू आत असती ना, तं मले तुहीच काळजी वाटली असती. लहानपनी मी पडलो तरी पह्यले तुह्याकडे पाहो, तुहं तोंड कसं झालं म्हनून. त्या दिवशी मले कोनाकडेच पाहाचं नव्हतं. इथल्या आईकडे पाहा लागत नाई. त्याइचं त्या पाहून घेतात.”

माझे हात तिच्या पाठीवर थांबले. थोड्या वेळाने मी परत चोळायला लागले. तेल संपत आलं होतं, वाटी पुसून घेतली.

त्या वाक्याचं काय करायचं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी लेकरांसाठी झिजले, यात खोटं काही नाही. पण झिजताना माझं तोंड कसं दिसत होतं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते माझी पोर पाहत होती, इवलीशी होती तेव्हापासून. ‘शांत पोर, समजूतदार पोर’ असं लोक म्हणायचे तेव्हा ती माझ्या चेहऱ्यावर पहारा देत होती. आणि ज्या घरात असा पहारा द्यावा लागत नाही, तिथे ती जाऊन हसायला लागली. यात विहीणबाईंची जादू काय होती? त्या स्वतःला भूक लागली की खात, झोप आली की झोपत, राग आला की बोलून टाकत. दुसऱ्या कोणाला त्यांच्या मनाचं ओझं उचलावं लागत नव्हतं. एवढंच. पण हे ‘एवढंच’ करायला मला अजूनही जड जातं.

बारसं करून मी वाशीमला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणी झाल्यावर मी दोन कपांत चहा ओतला आणि सुनेला म्हटलं, “बस.” मीही बसले, अंगणातल्या खाटेवर. सून कप हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.

“आई, काई झालं का? बरं नाई वाटून राह्यलं का तुमाले?”

“काई नाई झालं. चहा पे.”

ती प्यायली, पण खाटेच्या काठावर, केव्हाही उठता येईल अशी. दुपारी तिने मालकांना हळूच विचारलं म्हणे, की आईंनी दवाखान्यात काही तपासून घेतलं का. घरात बसलेली मी कोणी पाहिलीच नव्हती. तिला खाटेवर नीट टेकून बसायला बरेच दिवस लागले. मला तर तिच्याहून जास्त. अजूनही चहा संपायच्या आत माझा एक पाय जमिनीवर आलेला असतो. ओरडणं कमी झालं आहे असं मालक म्हणतात. पूर्ण गेलेलं नाही.

लेक या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, नातीला घेऊन, आणि सोबत विहीणबाईही आल्या. मीच बोलावलं होतं. आंब्याचा रस झाला, पुरणपोळी झाली. दुपारी विहीणबाई आमच्या मागच्या खोलीत, त्याच पलंगावर झोपल्या. नात त्यांच्या कुशीत. उठल्यावर त्या सुनेजवळ जाऊन बसल्या. ऐकते तर काय, माझी सून, जी माझ्यासमोर तीन वाक्यं एका दमात बोलत नाही, ती त्यांना आपल्या माहेरच्या विहिरीची, लहानपणीच्या शाळेची गोष्ट हात हलवून सांगत होती. मध्येच दोघी खिदळल्या.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “ईहीनबाई, लेक नेली ते नेली. आता सून भी घेऊन जाता का? माहा जीव जळते हो.”

लेकीने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी गंमत करत नव्हते, आणि ते तिला कळलं. पण माझं तोंड बहुधा फार वाईट झालं नव्हतं, कारण ती हसली.

“नेतो ना,” विहीणबाई म्हणाल्या, “पन मंग तुमाले मेथी कोन बांधू लागन? आना इकडे, मी भी बांधतो.”

संध्याकाळच्या तोडणीची मेथी अंगणात पडलेली होती. आम्ही चौघी तिच्याभोवती बसलो. लेक, सून, मी, त्या. विहीणबाईंच्या हाताला भाजीची सवय नाही. त्यांच्या जुड्या ढिल्या होत होत्या, एक उचलली की अर्धी खाली गळत होती, आणि त्या प्रत्येक जुडीला “पाहा, जमली!” म्हणत होत्या. त्यांची पाठ वळली की त्यांची जुडी उचलायची, सुतळी सोडायची, आणि माझ्या हाताने कच्चकन आवळून टोपलीत ठेवायची. आतून फार बरं वाटत होतं. सुनेने मला तसं करताना पाहिलं, ओठ दाबले, आणि न बोलता त्यांची आणखी एक ढिली जुडी माझ्याकडे सरकवली.